चौदा टर्क्या आणि माझं इंग्रजी

माझं इंग्रजी उत्तम असल्यामुळे आमच्या दुकानात चौदा जिवंत टर्क्या आल्या.

ही गोष्ट १९८७ सालची. त्या वर्षीच्या मार्चमध्ये मी इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलमधली कॉम्प्युटर कंपनीतली नोकरी सोडली आणि डॉर्सेटमधल्या एका छोट्या गावात दुकान घेतलं. पेपर, दूध, ब्रेड, सुतळी, बुटांच्या नाड्या आणि कोपऱ्यात पोस्टाची खिडकी. गाव म्हणजे एक मुख्य रस्ता, एक चर्च, एक बँक, एक बेकरी आणि सॅमवेज नावाचा एक खाटीक. लंडनमधल्या, हाउन्सलोच्या आमच्या मित्रमंडळींनी मला वेड्यात काढलं. तिथं कोथिंबीर तरी मिळेल का, असं त्यांनी विचारलं. (नाही मिळाली.)

गावातली माणसं वाईट नव्हती, पण जपून होती. सकाळी पेपर घ्यायची, हवा कशी आहे ते मला सांगायची (मी त्याच हवेत राहत होतो, तरी) आणि बाकीचं सामान आणायला आठ मैलांवरच्या सुपरमार्केटला जायची. आठ महिने झाले तरी आमचं नाव कुणाला नीट घेता येत नव्हतं. माझी बायको शैला रोज संध्याकाळी शिळा ब्रेड मोजायची आणि काही बोलायची नाही. तिचं ते न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

आमच्या आधी हे दुकान मिस पेटिफर नावाच्या बाईंचं होतं. त्या दरवर्षी नाताळाच्या जेवणासाठी लोकांकडून टर्कीच्या ऑर्डरी घ्यायच्या आणि हॉडर नावाच्या शेतकऱ्याकडून टर्क्या मागवून द्यायच्या. दुकान सोपवताना त्यांनी मला ती वही दिली आणि बजावलं, की या गावात माणूस ज्याच्याकडून टर्की घेतो त्याच्याकडूनच मग वर्षभर बाकीचं घेतो. मी नोव्हेंबरमध्ये वही काउंटरवर ठेवली. तीन आठवड्यांत चौदा नावं आली. त्यात व्हिकरचं, म्हणजे चर्चच्या पाद्र्याचं होतं, बँक मॅनेजरच्या बायकोचं होतं. मी शैलाला म्हटलं, बघ, गाव वळलं.

मग मी हॉडरला फोन केला.

आता हॉडरचं इंग्रजी हे वेगळंच प्रकरण होतं. तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखं. शैला शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, काही कळलं नाही तर पुन्हा विचारा. मी तिला हातानंच गप्प केलं. पुण्यात इंग्रजी घेऊन बीए केलेला माणूस मी, एका शेतकऱ्याला "पार्डन?" म्हणणार?

त्यानं विचारलं, "ड्रेस्ड हव्यात का?"

मला वाटलं, नाताळ आहे, तर हा त्यांना चमकीचा कागद, रिबन वगैरे लावून देत असणार आणि त्याचे वर पैसे घेत असणार. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, नको, ड्रेसिंगचं आमचं आम्ही इथं दुकानात करू.

मग त्यानं आणखी काहीतरी लांबलचक विचारलं. त्यातलं मला शेवटचं "देन?" एवढंच कळलं. मी म्हणालो, "येस, येस, ऑफकोर्स."

फोन ठेवला आणि तीस यार्ड लाल रिबन विकत आणली.

नाताळाच्या तीन दिवस आधी, ऐन बाजाराच्या दिवशी, मागच्या दाराशी हॉडरचा ट्रक आला. पोस्टाच्या खिडकीपुढे रांग होती. मी धावत जाऊन त्याच्या कागदावर सही केली आणि धावत परत आलो. गोणपाटानं झाकलेली सात खोकी त्यानं आमच्या मागच्या अंगणात ठेवली, माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघितलं आणि निघून गेला. मी तिकिटं फाडता फाडता शैलाला सांगितलं, की कात्री आणि रिबन घे आणि कामाला लाग.

पाच मिनिटांनी ती परत आली. कात्री हातात तशीच.

"अहो," ती खालच्या आवाजात म्हणाली, "त्या टर्क्यांना रिबन नक्की कुठं बांधायची?"

"पायाला बांध. नाहीतर गळ्याला."

"बांधते. पण त्या माझ्याकडं बघतायत."

मी खिडकी बंद करून अंगणात गेलो. माझा विश्वास बसेना, म्हणून खात्री करायला मी एका खोक्याचं झाकण उघडलं. मी आयुष्यात जिवंत टर्की पाहिली नव्हती. माझी कल्पना अशी, की जरा खात्यापित्या घरची कोंबडी. जे बाहेर आलं ते चार फूट पंख पसरून माझ्या छातीवर आलं. मी मागं पडलो तो थेट बाकीच्या खोक्यांवर. खोकी होती जुनी. कड्या होत्या त्याहून जुन्या. आणि हॉडर गेल्यावर फाटक लावायचं काम माझं होतं.

दोन मिनिटांत चौदाच्या चौदा टर्क्या मुख्य रस्त्यावर.

मी टाय लावून दुकानात बसायचो. (गावावर छाप पडावी म्हणून.) त्या टायसकट मी त्यांच्यामागं धावलो. दोघी बँकेत शिरल्या. एक बेकरीच्या दारात उभी राहून आतल्या गिऱ्हाइकांवर ओरडायला लागली. तीन-चार चर्चच्या दिशेनं गेल्या. तिथं कॅरलची, नाताळच्या गाण्यांची प्रॅक्टिस चालू होती, ती मध्येच थांबल्याचं मला रस्त्यावरून ऐकू आलं. एक लाल टेलिफोन बॉक्सवर जाऊन बसली. बाजाराला आलेले लोक खरेदी सोडून फुटपाथवर उभे राहिले. मी एकीवर झेप घेतली आणि ब्रसेल्स स्प्राउटच्या (म्हणजे बोराएवढ्या कोबीच्या) टोपलीत पडलो. इतकी माणसं माझ्याकडे एकाच वेळी बघताहेत, असं त्या गावात पहिल्यांदाच घडत होतं. ती चौदा नावांवाली माणसंही त्यात होती. आपापली टर्की समोरून पळताना ती बघत होती. स्प्राउटमध्ये बसल्या बसल्या मला ब्रॅकनेलचं माझं जुनं टेबल डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

आणि तेवढ्यात दुकानाच्या दारातून माई बाहेर आल्या.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. कराडजवळच्या खेड्यातल्या. दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे आल्या होत्या आणि थंडीमुळे घराबाहेर पडल्याच नव्हत्या, त्यामुळे गावानं त्यांना पाहिलं नव्हतं. नऊवारी लुगडं, त्यावर माझा जाड स्वेटर, पायात माझे गमबूट. हातात दुकानातली पक्ष्यांच्या दाण्यांची पिशवी. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "आधी पळायचं थांबा. तुम्हाला बघून बिचारी घाबरत्यात."

मी बसूनच राहिलो. माई रस्त्याच्या मधोमध गेल्या. पिशवी दातानं फोडली. वाकून मूठभर दाणे सांडले आणि "आऽ आऽ आऽ" करत सावकाश चालायला लागल्या. मागं वळून बघायचं नाही, घाई करायची नाही. पहिल्यांदा बेकरीच्या दारातली आली. मग बँकेतल्या दोघी. चर्चकडच्या आल्या, त्यांच्यामागून व्हिकर आणि कॅरल म्हणणाऱ्या बाया आल्या. दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. व्हिकर स्वतः पुढं होऊन हात आडवे करून रस्ता अडवून उभा राहिला. रस्ता इतका गप्प झाला, की माईंच्या बांगड्या ऐकू येत होत्या. तेरा टर्क्या एकीमागं एक आमच्या फाटकातून आत गेल्या आणि शेवटची आत जाताच माईंनी फाटकाची कडी लावली. (एवढी साधी गोष्ट.)

आधी एकानं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या रस्त्यानं. माईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शैलाला विचारलं, ही माणसं का टाळ्या पिटत्यात, ह्यांच्यात कोंबड्या डालत नाहीत का?

चौदावी टेलिफोन बॉक्सवरच होती. ती सॅमवेज खाटकानं एका हातानं उतरवली, पाय धरून आणली आणि माझ्या हातात दिली. हा सॅमवेज नऊ महिन्यांत माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. टर्कीच्या ऑर्डरी खाटकाकडेच यायला हव्यात, असं त्याचं मिस पेटिफरच्या काळापासूनचं म्हणणं होतं. पण मला दुसरा इलाज नव्हता. हॉडरला फोन केला, तेव्हा कळलं, की 'ड्रेस्ड' म्हणजे मारून, पिसं काढून साफ केलेली, आणि त्याचा तो लांबलचक प्रश्न "मग जिवंतच पाठवू का?" असा होता. त्याच्याकडे स्वतःच्याच टर्क्या सोलायला माणसं पुरत नव्हती. मी सॅमवेजला सगळं खरं सांगितलं. फोन, ड्रेसिंग, रिबन, सगळं.

"तू हॉडरला काय म्हणालास?" त्यानं विचारलं.

मी पुन्हा सांगितलं. त्यानं वळून बायकोला हाक मारली आणि मला तिसऱ्यांदा सांगायला लावलं. ती बाई हसता हसता दुकानाच्या पायरीवर बसली. तो स्वतः अंगातल्या ॲप्रनला डोळे पुसत होता. मग म्हणाला, घेऊन ये सगळ्या. पण त्या तुझ्या मदर-इन-लॉ यायला पाहिजेत.

दोन दिवस सॅमवेजच्या मागच्या शेडमध्ये काम चाललं. कापायचं काम त्याचं. पिसं काढायला माई आणि मिसेस सॅमवेज समोरासमोर बसल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. माई मराठीत तिला गरम पाण्यात बुडवायला सांगायच्या, ती इंग्रजीत पिसं कोरडीच उपटायची असं बजावायची. शेवटी शर्यत लागली. पहिल्या दिवशी मिसेस सॅमवेज जिंकली, दुसऱ्या दिवशी माई जिंकल्या आणि दोघींनी एकमेकींना चहा पाजला. माझ्याकडे पिसांचं पोतं धरायचं काम होतं. मला पिसांची ॲलर्जी आहे हे मला तिथं समजलं.

नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत चौदाही टर्क्या वहीतल्या नावांप्रमाणे गेल्या. एकानंही तक्रार केली नाही. उलट ज्यांनी ऑर्डर दिली नव्हती तेही आले, माईंना बघायला. बँक मॅनेजरच्या बायकोनं माईंचा हात हातात घेतला आणि आमचं आडनाव, जाधव, तीनदा म्हणून बरोबर करून घेतलं. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून लोक ब्रेड घेऊन गेले, बिस्किटं घेऊन गेले, एकानं तर सुतळीचे सहा गुंडे नेले. चार वाजता मांडणीवर एकही ब्रेड उरला नव्हता. शैला मोकळ्या मांडणीकडे बघत उभी होती. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काही नाही. उद्या आपल्या घरात ब्रेड नाही." आणि इतकी हसली, की मीही शिंकता शिंकता हसलो.

पुढच्या मार्चमध्ये माई कराडला परत गेल्या. त्यांना निरोप द्यायला बसस्टॉपवर अर्धं गाव होतं. दुकान तर असं चाललं, की आठ मैलांवरच्या सुपरमार्केटचं नाव गावात कुणी माझ्यासमोर काढेना.

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मी पुन्हा वही काउंटरवर ठेवली. यंदा एकेचाळीस नावं आली. मी अभिमानानं ती वाचायला घेतली, तर प्रत्येक नावापुढं, वेगवेगळ्या अक्षरात, लोकांनी एकच सूचना लिहिली होती: "मेलेली, प्लीज."

फक्त व्हिकरनं एक ओळ जास्त लिहिली होती. "तुमच्या सासूबाई येणार असतील, तर जिवंत चालेल."