मागावर अर्धं राहिलेलं लुगडं

सासरे गेले तेव्हा मागावर लुगडं अर्धं होतं. नऊवारी, मोहरीच्या फुलासारखं पिवळं, दोन्हीकडे रुंद लाल काठ. मद्रासला सैदापेटातल्या आमच्या घरात शिरलं की आधी मागाचा खड्डाच लागायचा. त्यात पाय सोडून सासऱ्यांनी जन्म काढला होता. माझे यजमान पेरांबूरला रेल्वेच्या कारखान्यात होते. मागाचा त्यांना पहिल्यापासून कंटाळा. तेरावा झाल्यावर त्यांनी सिमेंटची गोणी आणून भिंतीला टेकवून ठेवली. माग मोडून विकायचा, खड्डा बुजवायचा आणि तिथे पलंग टाकायचा, असा त्यांचा बेत होता.

मला राग आला. तसा माझा राग नाकावरच असतो, पण हा वेगळा होता. मी येवल्याच्या विणकराची मुलगी. वडील जेवायला उठले की मी हळूच त्यांच्या जागी बसायची. परत आल्यावर ते माझं विणलेलं बघायचे आणि ते न उसवता पुढे विणायला लागायचे. मद्रासेत भाषा परकी, स्वयंपाकघर सासूबाईंचं. ओळखीचा होता तो एवढा माग, आणि तोच निघाला होता.

"हे लुगडं मी पुरं करते," मी म्हटलं.

यजमान हसले नाहीत, हेच पुष्कळ. "रेशीम मुदलाळींचं आहे," ते म्हणाले. आम्हाला रेशीम देणाऱ्या व्यापाऱ्याला सगळे मुदलाळीच म्हणत. "मधेच हात बदललाय हे त्यांना दिसलं तर लुगडं ते घेणार नाहीत. मग खड्डा बुजवताना तू आडवी यायचं नाहीस."

मी कबूल झाले. रागाच्या भरात झाले, खरं सांगायचं तर. कारण हात बदलला की दिसतोच. आडवा धागा घट्ट बसवायला मारलेला फणीचा ठोका ज्याचा त्याचा. कुणाचं कापड दाट, कुणाचं विरळ. दुसरा माणूस मागावर बसला की तिथे आडवी रेघ उमटते, आणि ती काही केल्या जात नाही.

शिवाय हे काम एकटीचं नव्हतं. काठाचा रंग वेगळा, म्हणून डाव्या काठाचा लाल धाग्याचा धोटा टाकायला शेजारी दुसरं माणूस लागतं. इतकी वर्षं ते सासूबाईंनी केलं होतं. आणि सासूबाईंचं नि माझं सख्य विळ्या-भोपळ्याचं. त्यांची मराठी तंजावरची, माझी येवल्याची; दोघींना एकमेकींची बोली आणि आमटी दोन्ही नापसंत. काही सांगायचं झालं तर आम्ही यजमानांमार्फत सांगायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खड्ड्यात पाय सोडले. सासूबाई आल्या आणि डाव्या अंगाला फळीवर बसल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी धोटा टाकला, फणी ओढली.

"हे तेंचं नव्हे," त्या म्हणाल्या. "उसव."

उसवलं. पुन्हा विणलं. "उसव गे." दुपारपर्यंत बोटभर कापड झालं नाही, आणि माझा संयम सुटला.

"मग तुम्हीच मारा ठोका."

"हातात बळ नाही मला," त्या शांतपणे म्हणाल्या. "कान आहे."

तेव्हा कुठे मला कळलं की त्या कापडाकडे बघतच नव्हत्या. डोळे मिटून ऐकत होत्या. मग मीही हट्टाला पेटले. सासऱ्यांचा ठोका एक नव्हता, दोन होते. आधी एक दणकट, पाठोपाठ एक हलका, लावलेलं दार नीट लागलंय ना म्हणून पुन्हा लोटावं तसा. तो हलका ठोका मला काही केल्या साधेना. मी उसवत राहिले, त्या ऐकत राहिल्या. मग एके दिवशी बराच वेळ झाला तरी "उसव" आलं नाही. मी वळून पाहिलं, तर त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सरी, बरोबर," त्या म्हणाल्या. "हेच. थांबू नको."

मी थांबले नाही. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

लुगडं मागावरून उतरलं तेव्हा मुदलाळी स्वतः घरी आले. दारातल्या उजेडात उभं राहून त्यांनी लुगडं हातावरून सरकवत, वितीवितीने पाहिलं. संपल्यावर पदराकडून पुन्हा पाहायला लागले. यजमान सिमेंटच्या गोणीजवळ उभे होते.

"थोरल्यांनी कुठवर विणलं होतं?" मुदलाळींनी शेवटी तमिळमध्ये विचारलं.

"तुम्हीच दाखवा," सासूबाई म्हणाल्या.

मुदलाळींनी तिसऱ्यांदा पाहिलं नाही. घडी घातली आणि यजमानांना ओलांडून आम्हा बायकांकडे बघत विचारलं, "पुढचं हिरवं द्यायचं आहे. जमेल?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "आम्हा दोघींना जमेल."

त्या रविवारी यजमानांनी गोणी फोडली. त्यांना वाळू कालवताना पाहून मी अंगावर धावून गेले. "ठरलं काय होतं आपलं?"

"आईचे गुडघे दुखतात," ते मान वर न करता म्हणाले. "किती वर्षं ती त्या फळीवर अवघडून बसली आहे." खड्ड्याच्या डाव्या अंगाला त्यांनी पक्की बैठक बांधली, आणि पाय टेकायला खाली पायरी.

सासूबाईंनी ओल्या सिमेंटला बोट लावून पाहिलं आणि थेट माझ्याकडे वळल्या.

"उद्या वाळंल," त्या म्हणाल्या. "परवा लौकर ऊठ."