वाढत्या अंगाचा स्वेटर

गुरुग्रामला आमच्या खालच्या मजल्यावर एक रिटायर्ड सुभेदार काका राहतात. काकू गेल्या तेव्हापासून त्यांनी देव्हाऱ्यातल्या रांगत्या बाळकृष्णाशी बोलणं टाकलंय. पूजा रोज होते, पण ड्यूटी म्हणून, तोंड फिरवून.

इथल्या थंडीत काकू दरवर्षी देवाला स्वेटर विणायच्या. परवा पाहते तर काका मोबाईलवर बघून स्वतःच विणत बसलेले. स्वेटर देवाच्या दुप्पट झाला होता.

"काका, मोठा झालाय."

"वाढत्या अंगाचा आहे. बिल्कुल."

"म्हणजे बोलणं सुरू झालं?"

"छे. माप घेताना फक्त 'हात वर कर' म्हणालो." त्यांनी सुया खाली ठेवल्या. "बघतो तर लोण्याचा गोळा घेऊन त्याचा हात कधीचा वरच."