भिंतीकडची बाजू

झाडाची साल खरवडल्यावर येणारा तो हिरवट, तुरट वास आला की मला पुनर्वसनाच्या वस्तीतला पहिला उन्हाळा आठवतो. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं, म्हणून सासूबाईंनी अंगणातली पिवळी कोरांटी मातीच्या गोळ्यासकट काढून आणली आणि नव्या घराच्या भिंतीशी मुरमात लावली. आठवड्याभरात तिची पानं झडली. टिनाचं छप्पर तापायचं, शेजार अनोळखी होता, दिवसा घरात आम्ही दोघीच असायचो आणि माझा जीव कुठेच ठरत नसे. मी घटकेघटकेला बाहेर जायची आणि आत हिरवं उरलंय का ते बघायला कोरांटीची काडी नखाने खरवडायची. सासूबाई तांदूळ पाखडता पाखडता ओरडायच्या, "काहून वो, रोज नख लावून राहिली तिले? अशानं जितं झाड मरन! कोरांटीले उन्हाचा धाक नाही, राहू दे गुमान." मला त्यांच्या निवांतपणाचाच राग यायचा. गाव बुडतंय आणि यांना काहीच कसं वाटत नाही? एका दुपारी मी आळं सारखं करायला खाली वाकले, तर भिंतीकडच्या बाजूने सगळ्या काड्या खरवडलेल्या होत्या. त्या बाजूला मी कधी हातच लावला नव्हता. आत गेले, तर सासूबाई चवळी निवडत होत्या आणि त्यांच्या अंगठ्याच्या नखाखाली ओलं हिरवं होतं. आज सासूबाई नाहीत, कोरांटी माझ्या कमरेच्या वर गेली आहे. उन्हाळ्यात तिची पानं झडली की मी अजूनही नख लावते, पण भिंतीकडच्या बाजूने.