फाटलेला पडदा आणि टाकीचं झाकण

हडपसरच्या गाडीतळाजवळ रतन वानखेडे गेली वीस वर्षं जुन्या गाड्या दुरुस्त करत होता. हात सोन्याचा, पण तोंड फटकळ. गिऱ्हाईकाने "मला वाटतं, अमुक बिघडलंय" असं म्हटलं, की रतन पाना त्याच्याच हातात द्यायचा आणि म्हणायचा, "मग करा की तुम्हीच." आपलं चुकलं असं तो आजवर कुणालाच म्हणाला नव्हता. बायकोला तर नाहीच नाही.

समोरचा ऊस जाऊन तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. गळ्यात ओळखपत्रं घातलेल्या पोरांच्या नव्या गाड्या सर्व्हिस सेंटरला जायच्या. रतनकडे उरले दत्तोबासारखे लोक. मांजरीचा दत्तोबा आपल्या पंधरा वर्षांच्या डिझेल पिकअपमधून रोज सकाळी सातला अशाच एका इमारतीच्या कँटीनला भाजी पोचवायचा. घर त्यावरच चालायचं.

दिवाळीच्या तोंडावर पिकअप वाटेत बंद पडू लागली. दोनदा उशीर झाला. कँटीनचे व्यवस्थापक यज्ञेश्वर जोगळेकर शनिवार पेठेतले, त्यामुळे आवाज चढवायची गरज पडली नाही. "तिसऱ्यांदा उशीर झाला तर येण्याचे कष्ट घेऊ नका," एवढंच ते म्हणाले.

रतनने पंप खोलला. टाकीतलं डिझेल ओढून इंजिनाकडे ढकलणारा तो पंप, आणि त्यातला रबरी पडदाच फाटलेला. त्याने नवा पंप बसवला, नळीतली हवा काढली, गाडी चालू केली.

"वर्षभर बॉनेट उघडायचं नाही," तो म्हणाला.

"तरी उद्या संगं या, रतनभाऊ," दत्तोबा म्हणाला. "लई धाकधूक हाय."

आपल्या शब्दावर शंका घेतली म्हणून रतनला राग आला. पण दत्तोबाचा उतरलेला चेहरा त्याला बघवेना. सकाळी सहालाच तो मांजरीला हजर झाला.

रेल्वे फाटकाच्या अलीकडे पिकअपने दोन आचके दिले आणि ती थांबली.

दत्तोबा खाली उतरून भाजीवर ओलं पोतं टाकू लागला. त्यापेक्षा त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रतनला वाटलं. नवा पंप त्याने पुन्हा पुन्हा तपासला. पंप ठणठणीत होता, पण डिझेलच येत नव्हतं. शेवटी त्याने टाकीचं झाकण फिरवलं, तर सूं करून हवा आत गेली. हवेसाठी झाकणाला ठेवलेलं बारीक भोक मेणाने बुजवलेलं होतं.

"हे कुणी केलं?"

"मीच की. दसऱ्याला गाडी धुताना टाकीत पाणी जाऊ नये म्हणून दरसाल लावतो. दुसऱ्या दिशी काढतो. औंदा राहिलं जणू."

रतनला हे ठाऊक असणार कसं? दर दसऱ्याला तो गॅरेजला कुलूप लावून नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचा. आपली गिऱ्हाईकं त्या दिवशी गाड्यांना कशी न्हाऊमाखू घालतात, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

तोंडावर आलेला तिखट शब्द त्याने गिळला. टाकीत हवा जात नव्हती, म्हणून पंपावर ताण येऊन पडदा फाटला होता. तो फाटका पडदा काल त्याच्या हातात होता. तो का फाटला, एवढं विचारायलाही तो थांबला नव्हता. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

मेण तारेने कोरून काढल्यावर गाडी लगेच चालू झाली, पण कँटीनच्या दाराशी पोचेपर्यंत सव्वासात वाजले होते.

"काल फोनवर नवा पंप, आज नवं कारण," जोगळेकर म्हणाले.

"साहेब, माझ्या हातनं..." दत्तोबा सुरू झाला.

रतन मध्ये पडला. "यांचं काही नाही, साहेब. मेकॅनिक मी आहे. पंप खराब झाला तो बदलला, पण तो का खराब झाला हे बघितलं नाही. चुकलं माझं. शिक्षा यांना देऊ नका."

जोगळेकरांनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"माझी स्कूटर दोन महिने बंद पडते आहे," ते म्हणाले. "तीन मेकॅनिक झाले, तिघांनी तीन पार्ट बदलले, आणि चूक एकाचीही नाही. आपण संध्याकाळी मोकळे आहात का?"

मग दत्तोबाकडे वळून ते म्हणाले, "आणि तुम्ही उभे काय राहिलात? कोथिंबीर सुकतेय. आत घ्या."