सोमनाथचा दम आणि पिशोरची उचकी

सोमनाथचं क्रांती चौकाजवळ शिलाईचं दुकान, पण कुणी ओळख विचारली की तो छाती फुगवून सांगायचा, "मी लग्नात मंगलाष्टकं म्हणतो." शेवटचं 'सावधान' वीस आकडे मोजून होईस्तोवर एका दमात ओढायचं, ही त्याची ख्याती. तीही बरीचशी त्यानंच पसरवलेली.

मापं घेता घेता तो गिऱ्हाइकाला शास्त्र ऐकवायचा. "छातीखाली पडदा असतो. तो खाली ओढला की हवा आत, सैल सुटला की बाहेर. माझा पडदा माझ्या हुकमात हाय!" बावीस वर्षं सोबत म्हणणाऱ्या गोकुळला त्यानं यंदा याच ऐटीत सोडलं. म्हणे, त्याच्या तोकड्या दमानं माझा सूर अडतो.

मग पिशोर गावातलं एक लग्न आलं. डोळ्यांनी अधू झालेल्या आक्काबाईनं, नवरीच्या आजीनं, गावभर सांगून ठेवलेलं की सोमनाथ येणार. त्यानं मुहूर्ताआधी गरम मिरचीभजी बकाबका हाणली, वर थंडगार सोडा. अंतरपाट धरला, त्यानं माईक घेतला आणि, "उक्!"

मांडव हसला. हुकमातला पडदा आपल्या मर्जीनं गचके देत होता आणि आत घुसणाऱ्या हवेवर गळ्याचं दार धाडकन लागत होतं. शास्त्र तोंडपाठ, उपाय एक नाही. श्वास कोंडला, पाणी प्याला. "उक्!"

"कुणीतरी आठवण काढतंय. नावं घ्या रं!" आक्काबाई ओरडली. मांडव नावं घेऊ लागला: बायको, सासू, मेलेला मामासुद्धा. उचकी हटेना. भटजी घड्याळ बघू लागले. मुहूर्त टळला तर पिशोरात पुन्हा तोंड दाखवायची सोय नव्हती.

"आन् गोकुळ?" मागच्या खुर्चीतून कुणी म्हणालं. तो गोकुळच, वऱ्हाडात आलेला. त्याच्या नावानंही उचकी थांबली नाही, पण सोमनाथची मान खाली गेली.

"गोकुळभाऊ, ये रं... उक्... वर."

"तू सुरू कर. अडलास की मी हाय."

सोमनाथ अडला तिथं गोकुळनं सूर उचलला, शिवण दिसू न देता. शेवटचं 'सावधान' तर अख्खं गोकुळनंच ओढलं. सोमनाथ रुमालाआड नुसता उभा. अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली. उचकी कधी थांबली ते त्याला कळलंही नाही.

पंगतीत आक्काबाई चाचपडत आली. "सोमनाथ, शेवटचा सूर असा कधी ऐकला नव्हता. काय दम हाय तुझा, बाबा!"

शेजारी गोकुळ जिलबी मोडत होता. सोमनाथची मान सवयीनं डोललीसुद्धा. मग त्याची त्यालाच लाज वाटली.

"तो दम गोकुळचा, आक्का. माझी नुसती उचकी."