कमरेची सुरी

बंदराच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. दोर, बोये, रेनकोट, शिट्ट्या, सुऱ्या, बोटीवर लागणारं सगळं. यंदा मी एक मूर्खपणा केला. पोरं मोबाइलवर बघून मागायला लागली, म्हणून कमरेला लावायचे तयार संच आणून टांगले. घडीची सुरी, इवलीशी बॅटरी आणि अकरा कामांचं एक हत्यार. त्यातलं एक काम बाटली उघडायचं. जाळं सोडताना बाटली कोण उघडतो, हे मी कोणालाच विचारलं नाही.

विचारलं ते गुणवंती मावशीने. मावशी जेटीवर मासे विकते. पन्नाशी ओलांडली, पण भांडायला लागली की अजून लिलाव थांबतो. पंधरा वर्षांपूर्वी तिचा नवरा सदू बोटीवर गेला. जाळं सुटताना दोराच्या वेटोळ्यात पाय अडकला आणि दोराने त्याला खाली नेलं. तेव्हापासून हंगामाच्या पहिल्या फेरीला मावशी जेटीवर उभी राहून चढणाऱ्या प्रत्येक खलाशाची कंबर तपासते. दोर कापायला सुरी नसली तर शिव्या. बोट चालवणारा तांडेलही तिला अडवत नाही.

यंदा रांगेत तिचा एकुलता एक मुलगा मितेश होता. एकोणीस वर्षांचा, पहिलीच फेरी. आणि त्याच्या कमरेला माझा संच.

"हे कोणी दिलान तुला?"

"गुरुप्रसाददादाच्या दुकानातलं हाय, आये."

मला हाक गेली. मी पोचलो तेव्हा मावशी टोपलीतला बांगडा मितेशच्या तळव्यांवर चोळत होती. "डोळे मीट. एक हात पाठीमागं. आता उघड ती सुरी." ती मोजायला लागली. पाच झाले, दहा झाले, मितेशचा अंगठा पात्यावरून घसरतच राहिला. पोरं हसली. मावशीने संच उपटून माझ्या पायांवर आपटला.

"पाचाला हा पाण्याखाली गेला असता. पोरांच्या कमरेला खेळणी बांधतोस?"

चार लोकांत असं बोलल्यावर माझंही डोकं फिरलं. चूक माझी होती, हे कळत होतं, म्हणूनच जास्त फिरलं. मी म्हणालो, "सदूकाकांकडे तर तुझ्या पसंतीची सुरी होती ना? काय झालं तिचं?"

बोलून गेलो आणि जीभ चावली.

"नव्हती त्यांच्याकडे," मावशी म्हणाली. "माज्याकडे होती. त्या दिवशी सकाळी फणस फोडायला मीच मागून घेतली. ते तसेच गेले. ओट्यावर सुरी दिसली, तेव्हा म्हटलं, एका फेरीनं काय होतंय. पाय अडकल्यावर त्यांचा हात कमरेला गेला होता. तांडेलानं बघितलान."

पंधरा वर्षं ती सगळ्या बंदरावर चिडत होती. चिडायचं कोणावर होतं, ते आम्हाला तेव्हा कळलं. मला माझी स्वतःची इतकी चीड आली, की मान वर करवेना.

मावशीने टोपलीच्या तळातून एक सुरी काढली. बिनघडीची, मुठीला नवी सुतळी गुंडाळलेली, पात्याला प्लास्टिकच्या पाइपचं म्यान. तीच सुरी. तिने ती मितेशच्या कमरेला डाव्या बाजूला करकचून बांधली. मग दोरीचं लोंबणारं टोक धरून हात पुढे केला.

"दे बघू जरा, एवढं टोक कापते."

मितेशने सुरी काढली आणि तिच्या हातात ठेवली.

खाडकन थोबाडीत बसली त्याच्या. "आऊस मागते म्हणून देतोस?" सुरी पुन्हा म्यानात खुपसून तिने पुन्हा हात पुढे केला. "दे म्हणते ना."

गालावर वळ घेऊन उभ्या मितेशने दोन्ही हात सुरीवर दाबून धरले.

"नाय देणार."

"चढ मग बोटीत," मावशी म्हणाली.