ठमाबाईला मिळालेलं शून्य

नवीन पनवेलात मुलांची बुद्धी मोजून देणारा एक क्लास निघालाय. त्याचं नाव काढलं तरी मला शिसारी येते.

आमच्या आळीत ठमाबाई मासळी घेऊन येते त्याला अठरा वर्षं झाली. करंजाची कोळीण. पहाटे बंदरावर माल उचलायचा आणि ऊन चढायच्या आत आमची चाळीस घरं फिरायची. अक्षरओळख नाही. पण कुणाचा सोमवार, कुणाकडे सुतक, कुणाच्या सासऱ्यांना काटे चालत नाहीत, सगळं तोंडपाठ. एकदा विचारलं, "मावशी, एवढं ध्यानात कसं ठेवता हो?"

"ध्यानात कुटं ठेवायचं, बाय? ज्याचं त्याच्या दारात ठेवायचं."

तिची नात कोमल त्या क्लासला जाते, माझी भाचीही, म्हणून पालकसभेला मीही होते. तिथे सरांनी गंमत म्हणून ठमाबाईलाच पुढे बोलावलं. दहा शब्द ऐकवले, त्याच क्रमाने म्हणायला सांगितले. तिने दहाच्या दहा म्हटले, पण आपल्या क्रमाने. मनातल्या मनात चमचा आळीतल्या खानावळीला दिला, घड्याळ मास्तरांना, छत्री पोस्टमनला, आणि आळीत घरं लागतात तसे शब्द म्हणत गेली. मला लगेच कळलं. त्या शहाण्याला कशाला कळतंय!

"क्रम चुकला. शून्य!" सर माइकवर म्हणाले. "आजींची वर्किंग मेमरी वीक आहे. हे घराण्यात उतरतं. म्हणून कोमलला वर्षाचा कोर्स लावाच."

लोक फिदीफिदी हसले. मेल्यांनो, हसलात कशाला? आणि मी काय केलं? गप्प बसले. त्याची किळस वेगळीच.

तिचा मुलगा जीवन घाबरला. रोज जेवताना आईला आकडे उलटे म्हणायला लावू लागला. ती चुकली की नुसती मान हलवायचा. बरं, हे सगळं मायेपोटी, त्यामुळे त्याला शिव्याही घालता येत नाहीत.

गेल्या शुक्रवारी ठमाबाईने माझ्या दारात टोपली उतरवली आणि नुसती उभी राहिली. माझ्या मुलाला कोळंबी चालत नाही. एकदा अंग सुजून दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. तेव्हापासून माझ्याकडची मासळी काढण्याआधी ती आपणहून हात धुते.

"बाय, पोराला कोळंबीच चालत नाय ना? का बोंबील?"

"कोळंबी, मावशी. तुम्हाला माहितीये की!"

"मना वाटलंच. पण आता माजा भरोसा नाय." तिने टोपली झाकली. "येकाद्या पोराला कायतरी व्हायचं. उद्यापासून मी नाय येत."